गाव मांडवा, सिनेमे दोन

'ओरिजिनलची सर नाही' हे वाक्य आपण सगळेच बिनधास्त फेकतो. पण रिमेक बघताना आपण नक्की काय बघत असतो? पडद्यावरचा सिनेमा की आपलीच जुनी आठवण? मांडव्याच्या एका विकेंडला रंगलेला वाद आणि त्यातून सुचलेले काही फंडे.

मांडवा जेट्टी दिसायला लागली, की बोटीवर कुणीतरी एक विजय दीनानाथ चौहान होतोच!

आमच्या रो-रोवर तो मान माझ्या मैत्रिणीच्या ऑफिसातल्या एका टेस्टिंग इंजिनीअरने पटकावला. जानेवारीतला शनिवार. भाऊच्या धक्क्यावरून निघून तास होत आलेला. खाली गाड्या, वर आम्ही, हातात चहाचे कप. साहेबांनी गॉगल चढवला, रेलिंगला टेकून आवाज खर्जात नेला आणि गाडी सुटली. नाव, बापाचं नाव, आईचं नाव, गावाचं नाव... शेजारच्या दोन अनोळखी काकांनी पुढचं वाक्य आपणहून पुरवलं. टाळ्या, शिट्ट्या, सगळं झालं.

तेवढ्यात ग्रुपमधली सगळ्यात धाकटी, जेमतेम बावीस वर्षांची, म्हणाली, "पण हृतिक असं बोलतच नाही."

दोन सेकंद शांतता. आणि मग जो काही भडका उडाला! "हृतिक? अगं, अग्निपथ म्हणजे बच्चन!" "तू ओरिजिनल पाहिलायस तरी का?" "रिमेक तो रिमेकच, बॉस." बिचारी एकटी पडली. शेवटी तिने एकच प्रश्न विचारला, "मी ओरिजिनल पाहिलेला नाही. मग मला आवडला तो सिनेमा काय चुकून आवडला?"

बोट धक्क्याला लागली. मंडळी होमस्टे शोधत किहीमकडे गेली, मी मिनीडोरमध्ये दाटीवाटीने बसून सासवण्याला आत्याकडे निघाले. तो प्रश्न मात्र माझ्यासोबत आला. कारण आत्याच्या ओटीवर त्याच वादाची दुसरी बाजू आरामखुर्चीत बसलेली होती. माझे बाबा.

एक अग्निपथ, दुसरा अग्निपथ

आधी थोडी उजळणी करू. पहिला 'अग्निपथ' आला १९९० च्या फेब्रुवारीत. निर्माते यश जोहर, दिग्दर्शक मुकुल आनंद. मांडव्याचे सरळमार्गी मास्तर दीनानाथ चौहान गावात काळे धंदे होऊ देत नाहीत, म्हणून त्यांच्यावर किटाळ आणलं जातं आणि गावकऱ्यांच्याच हातून त्यांचा जीव घेतला जातो. मुलगा विजय मुंबईत डॉन होतो, पण डोक्यात एकच गोष्ट असते. मांडवा परत मिळवायचा. विजय म्हणजे अर्थातच अमिताभ. कांचा चिना डॅनी, कृष्णन अय्यर मिथुन, आई रोहिणी हट्टंगडी आणि पोलीस कमिशनर गायतोंडे म्हणजे आपले विक्रम गोखले. अमिताभला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मिथुन आणि रोहिणीताईंनी फिल्मफेअर नेलं.

आणि तिकीटबारीवर? सिनेमा आपटला!

हे जरा नीट लक्षात घ्या. आज जो 'क्लासिक' आपण रिमेकच्या डोक्यात घालतो, तो ओरिजिनल त्याच्या काळात नापास झाला होता. अमिताभने विजयसाठी मुद्दाम घोगरा, घशातून काढलेला आवाज लावला होता. त्या आवाजावर प्रेक्षक वैतागले होते. कारण काय, तर हा 'आपला' बच्चन वाटत नाही. म्हणजे पहिल्या 'अग्निपथ'लासुद्धा लोकांनी त्याच्या स्वतःच्या मापाने मोजलं नाही. 'दीवार', 'त्रिशूल' पाहिलेल्या कानांनी ते विजय चौहानला ऐकत होते. तुलना तेव्हाही आडवी आली होतीच.

दुसरा 'अग्निपथ' आला २६ जानेवारी २०१२ ला. वडिलांचा चाललेला नाही तो सिनेमा पुन्हा उभा करायचा, ही करण जोहरची इच्छा. दिग्दर्शक करण मल्होत्रा यांचा हा पहिलाच सिनेमा. हृतिक रोशन विजय, संजय दत्त कांचा. कृष्णन अय्यर गायब आणि त्याच्या जागी नाही, पण सिनेमातली सगळ्यात हादरवणारी जागा घेणारा रौफ लाला हजर. आयुष्यभर स्वेटर घालून गाणी म्हटलेल्या ऋषी कपूरला मुली विकणाऱ्या माणसाच्या भूमिकेत बघणं म्हणजे शॉकच होता. गंमत म्हणजे यातला मांडवा आपल्या रायगडातला नाहीच. तो चित्रित झालाय दीवला!

आता दोन्ही विजय शेजारी उभे करून बघा. बच्चनचा विजय बोलतो. भरपूर बोलतो. पोलिसांशी, शत्रूंशी, आईशी, आणि बहुतेक वेळा स्वतःशी. त्याची लढाई नावाची आहे. बापाच्या नावाला लागलेला डाग पुसायचा, म्हणून तो ते पुरं नाव जिथे तिथे ठासून सांगतो. हृतिकचा विजय जवळजवळ मुका आहे. त्याच्या डोळ्यांदेखत बापाला वडाच्या झाडाला लटकवलंय आणि तो पोरगा त्या क्षणातून बाहेरच आलेला नाही. म्हणून त्याचा कांचाही वेगळा. डॅनीचा कांचा सुटाबुटातला, गुळगुळीत, धंदेवाईक माणूस. संजय दत्तचा कांचा टक्कल, भुवया नाहीत, दारात मावणार नाही एवढा देह. असा माणूस असतो का, म्हणून लोक हसले होते. पण घाबरलेल्या लहान पोराला आठवणारा राक्षस असाच असणार ना? सिनेमा त्या पोराच्या नजरेने बघितला की ते रूप बरोबर बसतं.

म्हणजे नाव, गाव, बाप, सूड सगळं तेच. पण एक गोष्ट अब्रूची आणि दुसरी न संपलेल्या भीतीची. दोन वेगळे सिनेमे आहेत हे. दुसऱ्याला 'तू बच्चनसारखा बोलत का नाहीस?' असं विचारण्यात काय हशील?

याचा अर्थ दुसरा 'अग्निपथ' निर्दोष आहे असं नाही. तो लांबलाय. प्रियांका चोप्राची काली विजयवर जीव टाकते, पण तिला स्वतःचं असं काही करायलाच दिलेलं नाही. हा दोष दाखवायला मला १९९० चा सिनेमा लागत नाही. तो त्याच सिनेमात दिसतो. माझा मुद्दा एवढाच.

चमेली आधी कोंबडी होती

याच सिनेमात रिमेकच्या पोटात आणखी एक रिमेक लपलाय. 'चिकनी चमेली'! ऑफिसच्या ॲन्युअल पार्टीत कतरिनाच्या स्टेप्स करणाऱ्या किती जणींना ठाऊक आहे, की ही चाल म्हणजे केदार शिंदेंच्या २००६ च्या 'जत्रा'मधली आपली 'कोंबडी पळाली'? संगीतकार दोन्हीकडे अजय-अतुलच. तिकडे आनंद शिंदे आणि वैशाली सामंत, इकडे श्रेया घोषाल.

मराठी मंडळी या गाण्यावर भांडत बसली नाहीत. गणपतीच्या मिरवणुकीत एक वाजतं, लग्नाच्या हळदीत दुसरं, आणि आपण दोन्हींवर तेवढ्याच प्रेमाने नाचतो. शिंद्यांच्या आवाजातली रांगडी मजा कतरिनाच्या गाण्यात शोधायला कुणी जात नाही. म्हणजे पाय हलत असले की आपल्याला वेगवेगळं बघणं जमतं. खुर्चीत बसलं की मात्र आपण परीक्षक होतो.

आठवणींची फूटपट्टी

आता बाबांकडे वळते. बाबा मूळचे सासवण्याचे. १९८६ ला नोकरीसाठी मुंबईत आले, लालबागला नातेवाइकांच्या खोलीत राहिले. 'अग्निपथ' त्यांनी लागल्या लागल्या, पहिल्याच आठवड्यात पाहिला. थिएटरात पब्लिक आवाजावरून ओरडत होतं म्हणे. बाबा मात्र गपचूप बसून होते. कारण पडद्यावर पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या गावाशेजारच्या गावाचं नाव घेत होतं. तेही बच्चन!

त्या पोराला मुंबईत खोली मिळत नव्हती, गावी परत जाता येत नव्हतं. आणि समोर एक माणूस सांगत होता, की मी माझं गाव परत घेणार. पुढे १९९४ ला आजोबांची वाडी विकली गेली. नारळ-सुपारीची छोटीशी पट्टी होती. बाबा आणि काकांनी मिळूनच विकली, आमचं डोंबिवलीचं घर त्यातूनच झालं. आज तिथे उंच कंपाउंड वॉल आहे आणि आत मुंबईच्या कुणाचा तरी वीकेंड बंगला. बाबा त्याविषयी कधी कुरकुर करत नाहीत. फक्त सासवण्याला आले की संध्याकाळचा फेरफटका त्या भिंतीवरूनच होतो.

२०१२ ला मी नववीत होते. आमच्या अख्ख्या वर्गाला हृतिकने वेड लावलं होतं. मी बाबांना म्हटलं, चला ना, मांडव्याचा सिनेमा आहे. बाबा म्हणाले, "आमचा बघून झालाय." त्यानंतर टीव्हीवर लागला की चॅनेल बदलायचे. मला राग यायचा. न बघताच वाईट कसं ठरवता?

आता कळतं. ते सिनेमाची तुलना सिनेमाशी करतच नव्हते. पंचवीस वर्षांचे असताना पोटात जे तुटलं होतं, त्याच्याशी करत होते. त्या स्पर्धेत कुठला दिग्दर्शक जिंकणार? आणि आपणही हेच करतो हो. 'दुनियादारी' २०१३ ला आला तेव्हा सुहास शिरवळकरांची कादंबरी हॉस्टेलच्या खाटेवर रात्र जागून वाचलेले लोक चवताळले होते. "हा आमचा कट्टा नाही." खरंच नव्हता. तो कट्टा त्यांच्या कॉलेजचा होता, त्यांच्या विशीचा होता. संजय जाधव तो कुठून आणणार? पुस्तक वाचताना प्रत्येकाने मनात आपापला सिनेमा आधीच काढलेला असतो, त्यात कास्टिंगही आपलंच असतं. पडद्यावरचा दिग्या त्या मनातल्या दिग्याशी कुस्ती खेळून हरणारच.

बनवाबनवी कुणाची?

आता एक छोटी टेस्ट. 'अशी ही बनवाबनवी' तुम्हाला कितीदा पाहिला तरी पुरत नाही, बरोबर? १९८८ चा सचिन पिळगांवकरांचा हा सिनेमा. लिंबू कलरच्या साडीवर आजही मीम्स निघतात. सरपोतदारांची नक्कल येत नाही असा मराठी माणूस दाखवा.

आता सांगा, तुम्ही 'बीवी और मकान' पाहिलाय?

नाही ना! हृषीकेश मुखर्जींचा १९६६ चा हिंदी सिनेमा आहे तो. भाड्याच्या घरासाठी नवरा-बायको असल्याचं नाटक करणारी पोरं ही मूळ कल्पना तिथली. आणि तोही बंगाली कथेवर बेतलेला. म्हणजे मराठी माणसाचा सगळ्यात लाडका विनोदी सिनेमा चक्क रिमेक आहे. पण ओरिजिनल आपण पाहिलेलाच नव्हता, त्यामुळे आपण नेमकं जे करायला हवं तेच केलं. समोर जे चाललंय ते बघितलं आणि पोट धरून हसलो. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सुधीर जोशी यांचं टायमिंग, पुण्यातल्या भाड्याच्या खोलीची मारामार, मराठी बोलण्यातली फिरकी. हे काहीच उसनं नाही. उसना आहे तो फक्त सांगाडा.

'पिंजरा'चंही तसंच. व्ही. शांतारामांचा १९७२ चा सिनेमा. तमाशातल्या बाईच्या नादाने खाली उतरत गेलेला मास्तर, डॉ. श्रीराम लागू, संध्या, निळू फुले. याचं मूळ जर्मनीत. 'द ब्लू एंजल' हा १९३० चा सिनेमा, आणि तोसुद्धा हाइनरिश मान यांच्या १९०५ च्या कादंबरीवरून. पण मराठी मास्तराच्या गोष्टीला जे वळण दिलंय ते बघा. गाव त्याला मेलेला समजून पूजतं आणि शेवटी त्या आदर्श गुरुजीच्याच खुनाचा आळ त्या जिवंत मास्तरावर येतो. आपल्या गावाच्या मनातली मूर्ती वाचवायची म्हणून तो गप्प राहतो. हे वळण आपल्याकडच्या मातीतलं आहे. जर्मन सिनेमाचा प्रोफेसर असा जात नाही.

आणि ज्याला आपण ओरिजिनल म्हणतो तो तरी कुठे पहिला असतो? बच्चनच्या 'अग्निपथ'वर अल पचिनोच्या १९८३ च्या 'स्कारफेस'ची छाप आहे, हे समीक्षक कधीपासून सांगतायत. तो 'स्कारफेस' १९३२ च्या 'स्कारफेस'चा रिमेक. आणि तो १९२९ च्या एका कादंबरीवरून. मागे मागे जात राहिलं तर ओरिजिनल नावाचं स्टेशन येतच नाही.

नाटकवाल्यांचा फंडा

खरं तर मराठी प्रेक्षकाला हे कुणी शिकवायची गरज नाही. आपण नाटकवाले लोक. 'नटसम्राट' १९७० ला रंगभूमीवर आलं तेव्हा अप्पासाहेब बेलवलकर होते डॉ. लागू. नंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी ते उभे केले. आमच्या आजीने यातले दोघे पाहिले होते. "लागूंचे अप्पा अंगावर यायचे, भटांचे अप्पा आपल्या घरातले वाटायचे," असं ती सांगायची. बघा, तुलना आहे, पण निकाल नाही. एक खरा आणि दुसरा नकली, असं तिने कधी म्हटलं नाही. संहिता एक, माणसं वेगळी, संध्याकाळ वेगळी.

१ जानेवारी २०१६ ला महेश मांजरेकरांचा 'नटसम्राट' आला. अप्पा झाला नाना पाटेकर. नाना जन्माने याच किनाऱ्यावरचा, मुरुड-जंजिऱ्याचा. काही जाणकारांनी नाकं मुरडली, नाटकातलं अमुक गेलं, तमुक बदललं. पण नाना आणि विक्रम गोखले समोरासमोर बसून बोलतात ते प्रसंग आठवा. सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सक्ती नसलेला अप्पा तिथे दिसतो. कॅमेरा जवळ जाऊ शकतो, म्हणून नाना पुटपुटू शकतो. नाटकाला ते शक्य नव्हतं, आणि नाटकात जे शक्य होतं ते सिनेमाला नाही. आणि हो, कुसुमाग्रजांच्या या नाटकामागे शेक्सपिअरचा 'किंग लिअर' उभा आहेच. म्हणून कुणी 'नटसम्राट'ला नकली म्हणतं का?

'कट्यार काळजात घुसली'चं उदाहरण तर आणखी छान. १९६७ चं पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक, अभिषेकीबुवांचं संगीत, वसंतराव देशपांडेंचे खाँसाहेब. याला हात लावायचा म्हणजे धाडसच. सुबोध भावेने २०१५ ला, दिग्दर्शक म्हणून पहिल्याच सिनेमात, ते केलं. खाँसाहेब झाले सचिन पिळगांवकर, त्यांना आवाज दिला वसंतरावांच्या नातवाने, राहुल देशपांडेने. ज्यांनी जन्मात संगीत नाटक पाहिलं नव्हतं असे माझ्या पिढीचे लोक इअरफोन लावून नाट्यपदं ऐकत लोकलमध्ये लटकायला लागले. त्यांनी वसंतरावांशी तुलना केली नाही, कारण करताच येत नव्हती. आणि त्यातलेच कितीतरी नंतर वसंतराव शोधून ऐकू लागले. मीसुद्धा!

वेगळं बघणं म्हणजे माफी नाही

इथे कुणीतरी हात वर करणारच. "म्हणजे 'धडक'लाही चांगलं म्हणायचं का?"

नाही, बॉस. उलट 'धडक' हेच माझं सगळ्यात आवडतं उदाहरण आहे.

नागराज मंजुळेंचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला आला आणि पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. जुलै २०१८ ला त्याचा हिंदी अवतार 'धडक' आला. जान्हवी कपूर, ईशान खट्टर, उदयपूरचे तलाव आणि हवेल्या. आपण सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, आर्चीची सर नाही, परश्याची सर नाही. 'झिंगाट' हिंदीत कसलं वाटतंय! हे सगळं बोलून आपण मोकळे झालो. आणि माझ्या मते 'धडक' स्वस्तात सुटला. कारण 'सैराटसारखा नाही' या आरोपाला उत्तर सोपं आहे. आम्हाला तसा करायचाच नव्हता.

आता 'सैराट' विसरून 'धडक' बघा. कधी पाहिलाच नाही असं समजा. एक मुलगी आणि एक मुलगा प्रेमात पडतात. मुलीच्या घरचे त्यांच्या जिवावर उठतात. का? मुलगा चांगल्या कपड्यांतला, खातापिता, वडिलांचं हॉटेल. मग एवढा राग कशाचा? जातीचा उल्लेख येतो तो एखाद्या वाक्यापुरता, पुढे सिनेमा त्याकडे वळूनही बघत नाही. जो राग खून करण्याइतका मोठा आहे, तो कुठून आला हे सिनेमाला सांगताच येत नाही. त्यामुळे शेवट धक्का देतो, पण तो पटत नाही. 'सैराट'मध्ये तो राग वर्गात कविता शिकवणाऱ्या मास्तराच्या गालावर बसलेल्या थपडेत दिसतो, विहिरीवर दिसतो, पाटलाच्या बंगल्याच्या दारात दिसतो. तिथे तो सांगावा लागत नाही.

म्हणजे गंमत बघा. मूळ बाजूला ठेवून बघितल्यावर 'धडक' जास्त नापास झाला, कमी नाही. 'वेगळं बघा' म्हणणं ही रिमेकला दिलेली सवलत नव्हे. ओरिजिनलची ढाल काढून घेतली की सिनेमाला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं. 'अग्निपथ' उभा राहिला. 'धडक' नाही राहिला.

मग ओरिजिनलचा काहीच उपयोग नाही? आहे ना. पण दुसऱ्या फेरीत. सिनेमा आवडला की नाही हे आधी ठरवा. मग मूळ काढून बघा, काय ठेवलं, काय टाकलं, आणि का. जात काढून टाकणं आणि कृष्णन अय्यरला काढून टाकणं या दोन्ही कापाकापीच. पण एकीत गोष्टीचा कणा गेला, दुसरीत एक लाडका माणूस. हा फरक फक्त तुलनेतून कळतो. आणि ज्यांची गोष्ट घेतली त्यांचं नाव माहीत असणं, हा मूळ लेखकाचा मानही आहेच.

पुढच्या रिमेकला जाताना

* जायच्या आदल्या रात्री मूळ पुस्तक किंवा सिनेमा पुन्हा काढून बसू नका. परीक्षा नाहीये.
* इंटरव्हलला स्वतःला एकच प्रश्न विचारा. हा सिनेमा काय सांगायला निघालाय? 'त्यात काय होतं' हा प्रश्न घरी.
* 'त्यात तो सीन होता, यात नाही' ही तक्रार करण्याआधी बघा, त्या सीनविना इथे काही अडलं का?
* ज्याने मूळ पाहिलेलं नाही अशा एखाद्याला सोबत न्या. बाहेर पडल्यावर आधी त्याला बोलू द्या.
* तुमची आठवण जपा, पण तिचं तिकीट सिनेमाला काढायला लावू नका.

आणि त्या रात्री...

शनिवारी रात्री आत्याच्या परड्यात पोपटी लागली. वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, उपडं मडकं, भोवती जाळ. किहीमहून सगळी गँग आली. आतेभावाने मडक्यात मसाला लावलेलं चिकनही कोंबलं होतं. "ही कसली पोपटी? पोपटी शेंगांची," असं म्हणत बाबांनी दोनदा वाढून घेतलं.

मग लॅपटॉप आत्याच्या टीव्हीला जोडला आणि मी हृतिकचा 'अग्निपथ' लावला. बाबा उठायला लागले. ती बावीस वर्षांची पोरगी म्हणाली, "काका, बसा ना. मला पण कळू दे तुम्हाला काय आवडत नाही ते."

आत्या म्हणाली, "बस रे दादा, थंडीत कुठे जातोस?"

बसले. पहिली दहा-पंधरा मिनिटं कॉमेंटरी चालू होती. "हा आपला मांडवा नव्हे. असा किल्ला कुठाय इथे?" आतेभाऊ म्हणाला, "मामा, दीव आहे ते." मग वडाच्या झाडाचा प्रसंग आला. मास्तराला गाव घेऊन जातं आणि पोरगा बघत राहतो. बाबांची कॉमेंटरी बंद झाली ती शेवटपर्यंत.

सिनेमा संपला. विस्तवावर फक्त राख उरली होती. तिने हळूच विचारलं, "मग काका?"

बाबा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरा आहे की. माझा नाही, पण बरा आहे." आणि चपला घालता घालता म्हणाले, "तो पोरगा गप्प असतो ते आवडलं. आम्ही गेलो इथून, तेव्हा आम्ही तरी कुठे काय बोललो?"

रविवारी संध्याकाळच्या बोटीला गर्दी होती. आमची धाकटी मैत्रीण रेलिंगजवळ, कानात इअरफोन, मांडीवर मोबाइल. बाबांनी जाताना तिला बजावलं होतं, "आता तू माझा बघ." भाऊचा धक्का यायला दहा मिनिटं असताना तिने एक इअरफोन काढला.

"आवाज कळत नाहीये गं नीट," ती म्हणाली. मग पुन्हा कानात घातला आणि म्हणाली, "थांब, बंद नको करायला लावूस. बघतेय मी."